विहिरीत लागलेलं झाड

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या सरांनी प्रत्येकाला एक फाईल करायला सांगितली. विषय होता, राज्यातली फारशी माहीत नसलेली राष्ट्रीय उद्यानं. सरांनी फळ्यावर नावं लिहिली आणि म्हणाले, पेंच कोणी घ्यायचं नाही, कान्हा कोणी घ्यायचं नाही. वर्गात कुजबुज झाली, कारण बहुतेकांनी मनात पेंचच धरून ठेवलं होतं. इथून जवळ, फोटो भरपूर, आणि कोणाचा ना कोणाचा भाऊ तिकडे जिप्सी चालवतो. मी नेहमीसारखी सगळ्यात शेवटी उठले. तोवर एकच नाव उरलं होतं. घुघवा जीवाश्म राष्ट्रीय उद्यान, जिल्हा डिंडोरी.

सर म्हणाले, "इथं वाघ नाही, हरीण नाही. झाडं आहेत, दगड झालेली."

मागून एक जण बोलला, "सर, दगडं त आमच्या वावरात पण हायेत. तिकीट नाई लागत."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. दगड झालेलं झाड, हे शब्द आमच्या घरात आता कोणी उच्चारत नव्हतं.

कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. अशा गोष्टी लिहायच्या असतात की नसतात, हे विचारायला घरात कोणी नाही. फाईल मी हिंदीत लिहिली, कारण आमचा जिल्हा छिंदवाडा, इथल्या कॉलेजात हिंदीच चालते. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं मराठीत बोलली.

बाबा आणि काका विहिरी खोदायचे. आमचं गाव मोहगावच्या रस्त्यावर आहे. तिथून सौंसर, रामाकोन्यापर्यंत कितीतरी संत्र्याच्या बागा त्यांनी खोदलेल्या विहिरींच्या पाण्यावर उभ्या आहेत. हे काम उन्हाळ्याचं. वरची माती आणि मुरूम कुदळीनं निघतो. मग काळा दगड लागतो, त्याला सुरुंग. फुटलेला दगड घनानं बारीक करायचा, आणि काठावर बसवलेल्या यारीच्या दोराला बांधलेल्या डोलातून, मोठ्या लोखंडी बादलीतून, वर ओढायचा. माणसंही त्याच डोलात उभी राहून खाली-वर करायची.

या कामात एक नियम होता. आजोबांनी तो दोघा भावांना शिकवला होता आणि आजोबांना त्यांच्या वडिलांनी. खोदताना लाकूड लागलं की हत्यार तिथंच टाकायचं आणि वर यायचं. काडीएवढं लाकूड असलं तरी. कारण जमिनीच्या पोटात लाकूड आपोआप जात नाही. तिथं पूर्वी कोणीतरी खोदलेलं असतं, मग ते बुजवलेलं असतं, आणि बुजवलेल्या जागेची माती कधी धरून राहत नाही. वर आल्यावर मालकाला बोलवायचं, बाजू तपासायची, नाहीतर जागा सोडायची. आजोबांनी या नियमापायी दोन विहिरी अर्ध्यावर सोडल्याचं मी ऐकलं आहे.

मी आठ वर्षांची असताना एका बागेत विहीर चालू होती. खोली तीस फुटांच्या वर गेली होती. काळा दगड फोडून झाला आणि खाली राखेच्या रंगाचा मऊ थर लागला. त्या थरात एक झाड आडवं पडलेलं होतं. मांडीएवढं जाड खोड. बाबा सांगत, की सालीच्या भेगासुद्धा दिसत होत्या, फांदी तुटल्याची गाठ होती, आणि तुटलेल्या टोकाला गोल गोल वळ्या. दोघं भाऊ थांबले. मग बाबांनी घन उचलून खोडावर मारला. ठण्णकन आवाज आला, ठिणगी उडाली. दगड होता. नियम लाकडाचा होता, दगडाचा नव्हता. दोघांनी मिळून ठरवलं की काम चालू ठेवायचं, असं बाबा सांगत.

दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी यारीचा दोर चाकाशी सारखा अडकू लागला म्हणून बाबा वर आले. ते दोर सोडवत असताना खालची बाजू सुटली. मऊ थर सरकला आणि त्याच्यावरचा काळा दगड खाली आला. काका खाली होते.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. आई मला शेजारी सोडून पळाली. मशीन आली. काकांना काढायला दुसरा दिवस उजाडला. मलबा कुठे टाकला, त्यात खोडाचे तुकडे कुठे गेले, हे कोणी पाहिलं नाही, आणि त्या वेळी कोण पाहणार होतं. महिनाभरात मालकानं विहीर बुजवून टाकली.

पोलिसांनी विचारलं तेव्हा बाबांनी झाडाचं सांगितलं. गावातही सांगितलं. दगडाचं झाड होतं, खरं झाड, पण दगडाचं. लोक ऐकून घेत आणि एकमेकांकडे बघत. काही दिवसांनी बघणं संपलं आणि बोलणं सुरू झालं. पानठेल्यावर कोणीतरी हाक मारायचं, "काय झाडवाले, आज कोणतं झाड लागलं? संत्र्याचं का आंब्याचं?" त्याच्यापेक्षा वाईट बोलणारेही होते. ते म्हणत, लाकूडच लागलं असन, यानं भावाले खाली ठेवलं आन् आपण वर आला.

काकू हेच म्हणत होती.

काकूच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माहेर रामाकोन्याजवळ, भाऊ न्यायला आले होते, पण ती गेली नाही. एकाच अंगणात आमच्या दोन खोल्या आणि तिची एक. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर यायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही, अशी जुनी रीत आहे. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आता बऱ्याच घरांत ती रीत मोडली आहे. आमच्या घरातही मोडत आली होती, काका असताना काकू बाबांना स्वतः चहा द्यायची. काका गेल्यावर तिनं रीत पुन्हा धरली. ती डोक्यावर पदर घेऊन, तोंड भिंतीकडे करून मला सांगायची, "तुह्या बाबाले सांग, नळ आला." "तुह्या बाबाले सांग, माह्या कौलावरची फांदी तोडा." ही रीत होती की राग होता, ते बाहेरच्याला कळलं नसतं. रीत म्हणून कोणी तिला नावही ठेवू शकत नव्हतं. अकरा वर्षं मी त्यांच्या मधली बोलणारी होते. मी शाळेत जायचे, दहावी झाले, बारावी झाले, आणि घरी आले की भिंतीकडचं बोलणं अंगणापलीकडे नेऊन पोचवायचे.

बाबांनी त्यानंतर विहिरीला हात लावला नाही. ते पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामाला जातात. त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. पण त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. काकूनं एकदा मानावं, की तो दगड होता.

म्हणून मी त्या फाईलसाठी मोबाईलवर पहिला फोटो उघडला तेव्हा तो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. उन्हात पडलेलं खोड. साल, गाठ, टोकाला वळ्या. बाबा सांगत तसंच. मी धावत जाऊन त्यांना दाखवला. ते जेवत होते. त्यांनी डावा हात पुसून मोबाईल घेतला, लांब धरला, जवळ धरला. ताट तसंच ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले. दोन दिवसांनी कामावर जाताना त्यांनी विचारलं, "थ्या जागेवर जाता येते का? का फक्त मोठ्या लोकाईले सोडते?"

मी म्हटलं, "कोणालाही सोडतात, बाबा. सरकारी आहे."

"तू येशीन?"

जानेवारी होता. अंबिया बहाराची संत्री संपली होती, मृग बहाराची यायची होती, बाबांना आठ दिवस काम नव्हतं. आम्ही सौंसरहून छिंदवाड्याला, छिंदवाड्याहून जबलपूरला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहपुऱ्याची बस धरली. छिंदवाड्याच्या बसमध्ये शेजारी आमच्याच बाजूचे एक आजोबा बसले होते. कुठे निघाले विचारल्यावर बाबांनी सांगून टाकलं, "दगडं पाहाले."

"दगडं पाहाले जबलपूरच्या पलीकडं?" आजोबा म्हणाले. "माह्या वावरात येता काय? वेचून पण नेजा. पुण्य लागन तुमाले."

बाबा मोठ्यानं हसले. बसमध्ये अनोळखी माणसाबरोबर हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नवा शर्ट घातला होता, आणि दर थोड्या वेळानं ते खिसा चाचपत होते. त्यात मी फाईलमधल्या एका पानाची झेरॉक्स ठेवली होती, काकूला दाखवायला. फोटो आणि खाली माहिती.

उद्यान लहान आहे. कुंपण, थोडी सागाची आणि पळसाची झाडं, पायवाट, एक संग्रहालय. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं, आणि त्यांची मुलं प्राणी नाहीत म्हणून कंटाळली होती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना खोडं पडलेली. काही उभी केलेली. ताडाची, निलगिरीची, आणि कितीतरी झाडांची नावं पाट्यांवर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. एवढा मोठा आकडा मी फाईलमध्ये लिहिला होता, पण तिथं उभं राहिल्यावर तो मला नीट उच्चारता येईना. वाऱ्याचा आवाज नव्हता. इतकी झाडं आजूबाजूला आणि एक पानही हलत नाही, हे पाहताना मला जरा भीती वाटली. तरी मी म्हणेन की ती जागा पाहण्यासारखी आहे. वाघ दिसला नाही म्हणून तिथून कोणी निराश होऊन परत येत नाही, ज्याला जे पाहायचं ते तिथंच पडलेलं आहे.

बाबा पहिल्या खोडापाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी हात लावला, मग बोटांची मागची बाजू घेऊन हळूच ठोकलं, कान जवळ नेला.

"हेच," ते म्हणाले. "हे पाह्य, साल. आन् हे गाठ. असीच होती, जरा खाली होती." ते पुढच्या खोडाकडे गेले, तिथून पुढच्या. "मी लबाड नव्हतो बाई. तू पाहून राहिली न? आपल्या डोयानं पाहून राहिली न?"

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि मी फार खूश होते. मला वाटलं, मी शिकले त्याचं आज सार्थक झालं.

तिथं देखरेख करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. बाबांना असं प्रत्येक खोडाशी बसताना पाहून ते जवळ आले. बाबांनी मोडक्या हिंदीत त्यांना विहिरीचं सांगितलं. काकांचं नाही, फक्त झाडाचं. ते गृहस्थ मन लावून ऐकत होते. हसले नाहीत. "बिल्कुल हो सकता है," म्हणाले. तुमच्या भागातही असे दगड निघतात. किती खोल होतं, वर काय होतं, खाली काय होतं, असं त्यांनी विचारलं. बाबा हुरूपानं सांगत गेले. वर काळा दगड, मग राखाडी मऊ.

"वही तो," ते म्हणाले. दोन्ही हात एकावर एक धरून त्यांनी दाखवलं. एकदा लाव्हा आला, थंड झाला. मधे हजारो वर्षं गेली, तिथं तळी झाली, गाळ साठला, झाडं वाढली, पडली. मग दुसऱ्यांदा लाव्हा आला. "दो पत्थरों के बीच में मिट्टी रह गई. पेड़ उसी में मिलता है. पेड़ तो पत्थर बन गया, मिट्टी मिट्टी ही रही."

बाबांनी विचारलं, "हर जगह ऐसाच?"

"अक्सर ऐसा ही. जहाँ पेड़ मिले, समझो बगल में कच्ची परत है."

कच्ची परत, म्हणजे न धरणारा मऊ थर. बाबांनी मान हलवली. गृहस्थ आणखी काही सांगत होते, संग्रहालयात पानांचे ठसे आहेत, ते बघून जा. बाबा मान हलवत राहिले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल."

आम्ही संग्रहालय पाहिलं नाही. रस्त्यावर येऊन बस यायची तिथं एका दगडावर बसलो. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

मग ते आजोबांचं काढून म्हणाले, "बुढ्यानं सांगतलं होतं, लाकूड लागलं का वर या. बुढ्याले काय माहीत होतं, लाकूड का दगड? बुढ्याच्या बुढ्याले तरी काय माहीत होतं? त्याईले येवढंच माहीत होतं, का झाड दिसलं का तेथची माती कच्ची राह्यते. आन् मी घन मारून पाह्यला."

"बाबा, तुम्हाला हे कसं माहीत असणार? हे पुस्तकातलं आहे."

"माहीत नसलं त वर या. नियम तोच होता."

घरी आल्यावर मी माझी फाईल उघडून पाहिली. चौथ्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, लाव्हाच्या दोन थरांमधील मृदू गाळात हे जीवाश्म आढळतात. मी ते इंटरनेटवरून उतरवलं होतं, पट्टी ठेवून, खाली लाल रेघ मारून. सरांनी बरोबरची खूण केली होती. त्या वाक्याचा अर्थ मला लिहिताना कळला नव्हता. कळला असता तर मी बाबांना नेलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नसतं नेलं. फोटो दाखवला असता आणि गप्प बसले असते. पण मी वाक्य वाचलंच नव्हतं, नुसतं लिहिलं होतं.

आईनं विचारलं, "दिसले का झाडं?" बाबा म्हणाले, "दिसले." झेरॉक्सचं पान त्यांनी खिशातून काढून माझ्याकडे परत दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात तिच्या दारासमोर बसून तूर पाखडत होती. बाबा खोलीतून बाहेर आले आणि अंगण ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. काकूनं पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिला वाटलं ते माझ्यामार्फत काही सांगतील. मी जवळ गेले, सवयीनं.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. "झाड दगडाचंच होतं," ते सरळ तिला म्हणाले. "मी पाहून आलो. पण मले त्याले घेऊन वर याले पाहिजे होतं. झाड लागलं तव्हाच. चूक माही हाय."

काकूच्या हातातलं सूप थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली. मग तिनं तोंड वळवलं. डोक्यावरचा पदर मागे सरला होता, तो तिनं सावरला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती बाबांकडे बघून बोलली.

"त्याईनं म्हटलं होतं का तुमाले, वर जाऊ म्हणून?"

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. दोघांनी मिळून ठरवलं, हे आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं.

"हाव," बाबा म्हणाले. "म्हटलं होतं. दोन डाव म्हटलं. दादा, वर जाऊ. बुढा म्हणे न, वर जाऊ. मी म्हटलं, दगड हाय बे, भेऊन राहिला कायले. हासलो मी त्याले."

आईनं तोंडावर हात घेतला. हे तिलाही माहीत नव्हतं. मला वाटलं काकू आता ओरडेल, सूप फेकेल, शेजारीपाजारी गोळा होतील. तिनं तसं काहीच केलं नाही. ती मांडीवरच्या तुरीकडे बघत राहिली.

"मी त्याईलेच शिव्या देत होती मनातल्या मनात," ती म्हणाली. ते बाबांना होतं की कोणाला, मला कळलं नाही. "इतके वर्षं. म्हणो, असा कसा बेफिकीर माणूस. घरी बायको हाय, हे ध्यानातच नाई राह्यलं याच्या. उतरला आन् राह्यला खाली." तिनं सूप खाली ठेवलं. "मंग त्याईले घरी यायचं होतं."

"यायचं होतं त्याईले घरी," ती पुन्हा म्हणाली, आणि मग रडू लागली. काका गेले तेव्हा ती रडली होती की नाही, मला आठवत नाही. आई म्हणते, तेव्हा ती रडली नव्हती.

बाबा समोर उभेच होते. काकू त्यांना बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, माफ केलं असं तर नाहीच. ते हलले नाहीत. ऊन त्यांच्या पायांवर आलं तरी ते तिथंच होते, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी तिथून जायचं नाही असं ठरवलं असावं. मी त्या दोघांच्या मधे उभी होते. इकडून तिकडे न्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी बाजूला झाले.